खासगी डिजिटल रोख म्हणून कोणतं नाणं चालतं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

क्रिप्टोमध्ये रस घेतो म्हटलं की पहिला प्रश्न भावाचा येतो. तो इथे नाही. इथे एवढंच पाहायचं आहे: खिशातल्या नोटेचं काम या नाण्यांपैकी कोणतं करू शकतं, आणि ते काम करताना कुठे अडखळतं.

डिजिटल रोख म्हणजे काय? फोनवरून पैसे पाठवतोच की आपण.

फोनवरून आपण पैसे पाठवत नाही, बँकेला सूचना पाठवतो: माझ्या खात्यातून काढ, त्याच्या खात्यात टाक. बँक नाही म्हणाली की विषय संपला. हो म्हणाली तरी कुणी कुणाला कधी किती दिले याची नोंद तिच्याकडे राहते. नोट हातातून हातात जाते तेव्हा तिसऱ्याची परवानगी लागत नाही, तिसऱ्याला कळत नाही, आणि ही नोट काल कुणाच्या खिशात होती हे घेणारा विचारत नाही.

हे संगणकावर आणायचा पहिला नेटका प्रयत्न बिटकॉइनच्या बराच आधीचा आहे. डेव्हिड चॉम यांनी १९८२-८३ च्या सुमारास 'आंधळी सही' ही युक्ती मांडली. बँक नाण्यावर सही करते, पण सही करताना तिला नाण्याचा क्रमांक दिसत नाही. त्यामुळे ते नाणं पुढे वटायला आलं तरी ते कुणाला दिलं होतं हे बँकेलाही सांगता येत नाही. चॉम यांची डिजिकॅश कंपनी १९९८ मध्ये दिवाळखोरीत गेली. गणित चोख होतं, पण सगळा डोलारा एका कंपनीवर उभा होता.

सातोशी नाकामोतो या टोपणनावाने ३१ ऑक्टोबर २००८ रोजी बिटकॉइनचा आराखडा जाहीर झाला. त्याने ती मधली कंपनी काढून टाकली, पण बदल्यात व्यवहारांची सगळी वही (हीच ती ब्लॉकचेन, म्हणजे साखळी) चव्हाट्यावर मांडली. तिथून पुढचं भांडण हे की मधला माणूसही नको आणि चव्हाटाही नको, हे एकाच वेळी जमवायचं कसं.

बिटकॉइन निनावी आहे ना?

नाही. बिटकॉइनवर टोपणनावं असतात, आणि टोपणनाव एकदा फुटलं की मागचं-पुढचं सगळं उघडं पडतं. एक व्यवहार जवळून पाहू.

तुम्हाला एका कामाचे ०.०५ बिटकॉइन मिळाले. त्यातले ०.०१२ तुम्हाला एका दुकानदाराला द्यायचे आहेत. बिटकॉइनमध्ये नाण्याचा तुकडा तोडून देता येत नाही. अख्खं नाणं पुढे सरकवायचं आणि सुटे परत घ्यायचे. म्हणजे व्यवहारात आत गेले ०.०५, बाहेर आले दोन: ०.०१२ दुकानदाराच्या पत्त्यावर आणि ०.०३७९ तुमच्याच एका नव्या पत्त्यावर. उरलेले ०.०००१ मायनरची, म्हणजे व्यवहार गठ्ठ्याने (एक गठ्ठा म्हणजे एक ब्लॉक) वहीत चढवणाऱ्याची, फी.

आता दुकानदार हा व्यवहार ब्लॉक एक्सप्लोररवर, म्हणजे ही वही दाखवणाऱ्या वेबसाइटवर, उघडतो. त्याची रक्कम त्याला ठाऊकच आहे, म्हणजे दुसरी तुमचे सुटे. त्या पत्त्यावर तुमच्याकडे आणखी किती आहे ते त्याला दिसलं. मागे एक टिचकी मारली की ते ०.०५ कुठून आले तेही दिसलं. महिन्याने तुम्ही ते सुटे आणि दुसरीकडून आलेले ०.०२ एकत्र करून ०.०५ ची खरेदी करता. एका व्यवहारात दोन नाणी एकत्र आली की दोन्हींचा मालक एकच, हा अंदाज बहुतेक वेळा बरोबर निघतो. म्हणजे तुमचे दोन वेगळे धागे तुम्हीच गाठ मारून दिलेत. यातल्या एका नाण्याचा संबंध ओळखपत्र मागणाऱ्या एक्सचेंजशी (नाणी विकत घ्यायच्या-विकायच्या बाजाराशी) असला, तर त्या गाठोड्यावर तुमचं नाव चिकटतं.

हे करायला गुप्तहेर लागत नाही, ब्राउझर पुरतो. व्यावसायिक विश्लेषण कंपन्या हेच काम कोट्यवधी पत्त्यांवर करतात.

मी काही चोरी करत नाही. मग दिसेना का सगळं!

पगार किती, शिल्लक किती, औषधं कुठून घेता, कोणत्या संस्थेला देणगी देता, हे प्रत्येक दुकानदाराला दिसावं असं वाटतं का? घरमालकाने तुमची शिल्लक बघून भाडं ठरवलं तर? चोरीचा प्रश्न फार पुढचा आहे.

पण माझ्या मते दुसरं कारण जास्त वजनाचं आहे. रोखीत ही नोट आणि ती नोट सारखीच. ज्या नाण्याचा इतिहास दिसतो त्याला हा गुण राहत नाही. चार हातांपूर्वी ते नाणं कुठल्या हॅकिंगमधून आलं असेल तर एक्सचेंज ते अडवून ठेवतं, आणि ठेच लागते ती ते नाणं प्रामाणिकपणे कमावणाऱ्याला. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. म्हणून खासगीपणाला मी चैन म्हणत नाही. तो नसेल तर नाणं रोख होतच नाही, कारण प्रत्येक वेळी स्वीकारण्याआधी त्याची कुंडली बघावी लागते.

बिटकॉइनवर आपली नाणी इतरांच्या नाण्यांत मिसळून घेतली की झालं ना?

अर्धवट होतं. कॉइनजॉइन ही कल्पना ग्रेगरी मॅक्सवेल यांनी २०१३ मध्ये मांडली. अनेक जण मिळून एकच मोठा व्यवहार करतात, सगळ्यांना सारख्याच रकमेची नाणी परत मिळतात, आणि कोणतं कुणाचं ते बाहेरच्याला सांगता येत नाही. गणित ठीक आहे, पण असा व्यवहार वहीत लगेच ओळखू येतो. गर्दीत सगळे उघड्या तोंडाने फिरत असताना चार जणांनी बुरखा घातला, तर पहिली नजर त्या चौघांवरच जाते. कित्येक एक्सचेंज असं नाणं आलं की प्रश्न विचारतात.

त्यात कायद्याचा बडगा. वॉलेट म्हणजे नाणी सांभाळायचं ॲप. असं मिसळून देणाऱ्या सामुराई वॉलेटच्या निर्मात्यांना एप्रिल २०२४ मध्ये अटक झाली. तसंच काम करणाऱ्या वसाबी वॉलेटमागच्या कंपनीने सगळ्यांचे व्यवहार जुळवून देणारा आपला मध्यवर्ती समन्वयक १ जून २०२४ रोजी बंद केला. जिथे कुणीतरी समन्वय करतं, तिथे कुणाचं तरी दार ठोठावता येतं.

मग मोनेरो वेगळं काय करतं?

तिथे सगळ्यांनाच बुरखा आहे. मोनेरो एप्रिल २०१४ मध्ये सुरू झालं. त्यात तीन गोष्टी झाकल्या जातात.

पाठवणारा: खर्च होणाऱ्या खऱ्या नाण्याच्या बाजूला साखळीतली आणखी १५ नाणी उभी केली जातात. पोलिसांच्या ओळख परेडसारखं. सही सांगते की या १६ पैकी एक खर्च झालं, कोणतं ते नाही. तेच नाणं दोनदा खर्च होऊ नये म्हणून प्रत्येक नाण्यापासून एक खूण निघते. ती खूण दुसऱ्यांदा दिसली की व्यवहार रद्द.

घेणारा: तुम्ही पत्ता कितीही लोकांना द्या, वहीत तो पत्ता कधी उमटतच नाही. दर व्यवहारासाठी एकदाच वापरायचा नवा पत्ता तयार होतो आणि तो तुमचा आहे हे फक्त तुमच्या वॉलेटला कळतं.

रक्कम: जानेवारी २०१७ पासून झाकायची सोय झाली, आणि त्याच वर्षी सप्टेंबरपासून ती सक्तीची.

यातला 'सक्तीची' हा शब्द महत्त्वाचा. सुरुवातीच्या वर्षांत मोनेरोमध्येही सोबतची नाणी न घेता व्यवहार करता यायचा. अशा उघड्या व्यवहारांनी स्वतःचं वाटोळं केलंच, पण इतरांच्या परेडमधली नाणीही ओळखीची करून टाकली. हे नाणं आधीच खर्च झालंय हे माहीत असलं की परेडमधून ते बाद होतं, आणि उरलेल्यांत खरं शोधणं सोपं. फेब्रुवारी २०१७ पूर्वीच्या, सोबतीची नाणी घेतलेल्या खर्चांपैकी सुमारे ६२ टक्के ओळखता येतात असं संशोधकांनी नंतर दाखवलं. एकाच्या निष्काळजीपणाची किंमत दुसऱ्याने मोजली. खासगीपणाचा पर्याय ऐच्छिक ठेवणाऱ्या प्रत्येक नाण्याने ही गोष्ट भिंतीवर लिहून ठेवायला हवी.

परेडचा आकार तेव्हापासून वाढत गेला: २०१८ मध्ये ११, ऑगस्ट २०२२ पासून १६. पण १६ हाही मोठा जमाव नव्हे. कुणी तुम्हाला मुद्दाम पुन्हा पुन्हा पैसे पाठवले आणि तुम्ही ते पुन्हा पुन्हा त्याच्याच ओळखीच्या ठिकाणी जमा केलेत, तर योगायोग किती वेळा मानायचा? ही परेडच मोडीत काढून साखळीवरच्या सगळ्या नाण्यांमध्ये खरं नाणं लपवायची योजना आहे आणि तिच्यावर काम चालू आहे.

झीकॅशचं गणित यापेक्षा भारी आहे असं ऐकलं. खरं?

गणित भारी आहे, सवय कच्ची आहे.

झीकॅश २८ ऑक्टोबर २०१६ रोजी सुरू झालं. मोनेरो म्हणतं 'या १६ पैकी एक', झीकॅश म्हणतं 'या तिजोरीत आजवर पडलेल्या सगळ्या नाण्यांपैकी एक'. शून्य-ज्ञान पुराव्याने हे साधतं: व्यवहार बरोबर आहे एवढंच सिद्ध होतं, बाकी काहीच कळत नाही. कागदावर यापुढे फारसं काही उरत नाही.

गोम अशी की झीकॅशमध्ये दोन प्रकारचे पत्ते आहेत. एक बिटकॉइनसारखा उघडा, एक झाकलेला. एक्सचेंजना उघडा सोयीचा, म्हणून वॉलेटनाही उघडा सोयीचा, आणि म्हणून वर्षानुवर्षं बहुतेक नाणी उघड्या पत्त्यांवरच पडून राहिली. शिवाय उघड्यावरून ३७.४१२ आत टाकायचे आणि तासाभराने ३७.४१२ च बाहेर काढायचे, असं करणारेही भरपूर. तिजोरी कितीही मजबूत असू दे, आत जाताना आणि बाहेर येताना तीच विचित्र रक्कम दिसली तर लपलं काय?

दुसरी अडचण होती सुरुवातीच्या विधीची. पहिल्या रचनेत काही गुप्त आकडे तयार करून नष्ट करणं भाग होतं. ते कुणाकडे उरले असते तर त्याला हवी तितकी खोटी नाणी पाडता आली असती. सहा जणांनी वेगवेगळ्या ठिकाणी बसून तो विधी केला. त्या सहांपैकी टोपणनावाने सहभागी झालेला एक जण एडवर्ड स्नोडेन होता हे २०२२ मध्ये बाहेर आलं. सहांपैकी एकाने जरी आपला वाटा खरोखर नष्ट केला असेल तरी पुरे होतं, पण 'असेल' या शब्दावर पैसा उभा करणं अनेकांना पटलं नाही. मे २०२२ मध्ये आलेल्या ऑर्चर्ड या नव्या तिजोरीत असा विधी लागत नाही.

झीकॅशच्या बाजूने एक गोष्ट आवर्जून सांगतो. आधी झाकलेला एक व्यवहार करायला संगणकाला ३ जीबीहून जास्त मेमरी आणि अर्ध्या मिनिटाहून जास्त वेळ लागायचा. ऑक्टोबर २०१८ च्या सॅपलिंग सुधारणेनंतर तेच काम सुमारे ४० एमबीत, काही सेकंदांत होऊ लागलं. झाकलेला व्यवहार फोनवरून करता येतो तो या सुधारणेमुळे.

रक्कम झाकली तर कुणी खोटी नाणी पाडली हे कळणार कसं?

हा प्रश्न मला सगळ्यांत आवडतो, कारण विचारणाऱ्याने खरंच डोकं चालवलेलं असतं.

बंद पाकिटं तराजूत घालावीत तसं समजा. पाकिटात काय आहे ते दिसत नाही, पण आत गेलेली एका पारड्यात, बाहेर आलेली आणि फी दुसऱ्यात, आणि काटा मध्ये उभा राहिला तर बेरीज जुळली. अशी पाकिटं गणिताने बनवता येतात.

पण इथे एक चलाखी शक्य आहे. आत ५ घातले आणि बाहेर दोन पाकिटं काढली: एकात १००५, दुसऱ्यात उणे १०००. बेरीज ५ च! उण्याचं पाकीट फेकून दिलं की हजार नाणी फुकट. म्हणून प्रत्येक पाकिटासोबत 'आतला आकडा उणे नाही' असा पुरावा जोडावा लागतो. मोनेरोमध्ये हे पुरावे आधी इतके अवजड होते की एकेक व्यवहार १३ केबीपर्यंत जायचा. ऑक्टोबर २०१८ मध्ये बुलेटप्रूफ्स नावाची सुटसुटीत पद्धत आली आणि आकार साधारण ८० टक्क्यांनी घटला. फीही तशीच कोसळली.

आता गणित बरोबर असलं तरी ते संगणकावर उतरवताना चूक होते. ऑगस्ट २०१० मध्ये बिटकॉइनच्या एका ब्लॉकमध्ये १८४ अब्ज नाणी जन्माला आली होती. रकमा उघड्या असल्याने काही तासांत लक्षात आलं आणि साखळी दुरुस्त झाली. झीकॅशमध्ये अशीच खोटी नाणी पाडू देणारी चूक मार्च २०१८ मध्ये एका संशोधकाला सापडली. ती सुरुवातीपासून तिथे होती. गुपचूप दुरुस्ती झाली आणि फेब्रुवारी २०१९ मध्ये जाहीर केलं गेलं. कुणी गैरफायदा घेतल्याचा पुरावा नाही, पण झाकलेल्या तिजोरीत 'पुरावा नाही' याचा अर्थ तेवढाच असतो. झीकॅशमध्ये निदान तिजोरीच्या दारावर मोजणी आहे: आत गेल्यापेक्षा जास्त बाहेर येऊ शकत नाही. मोनेरोला दारच नाही, त्यामुळे तिथे सगळी भिस्त गणितावर आणि ते तपासणाऱ्यांवर.

ज्याला हा धोका पत्करायचा नाही त्याने बिटकॉइनवर राहावं. त्यात काही गैर नाही.

बिटकॉइन 'स्केल होत नाही', म्हणजे जगभराची गर्दी पेलत नाही, म्हणतात. नेमकं काय होत नाही?

आकडे मांडूनच बघू. बिटकॉइनचा व्यवहार साधारण २५० बाइट धरा, ब्लॉक १ एमबीचा, दर दहा मिनिटांनी एक. सेकंदाला सुमारे ७ व्यवहार होतात. २०१७ च्या सेगविट सुधारणेने थोडी जास्त जागा दिली, पण चित्र तेच. दिवसाला सहा लाख व्यवहार. जगात ८०० कोटी माणसं. प्रत्येकाला आयुष्यात फक्त एक व्यवहार करू द्यायचा म्हटलं तर रांग संपायला ३६ वर्षं लागतील.

रांग लांबली की फी वाढते. डिसेंबर २०१७ मध्ये सरासरी फी ५० डॉलरच्या वर गेली होती. चहाच्या पैशांवर तेवढी फी कोण देईल?

मग ब्लॉक मोठे करा की!

याच वाक्यावरून १ ऑगस्ट २०१७ रोजी घर फुटलं आणि बिटकॉइन कॅश वेगळं निघालं. आधी ८ एमबीचा ब्लॉक, मग २०१८ मध्ये ३२, आणि मे २०२४ पासून मागणीनुसार आपोआप वाढणारी मर्यादा. फी पैशांत मोजण्याइतकी कमी. रोज वापरायला सोपं. पण ब्लॉक बहुतेक वेळ रिकामेच जातात. रस्ता आठपदरी बांधला, गाड्या जुन्याच गल्लीत अडकून बसल्या.

गाड्या आल्या असत्या तर काय झालं असतं? ८०० कोटी माणसं, रोज एक व्यवहार: सेकंदाला ९२,६००. प्रत्येकी २५० बाइट धरले तर दिवसाला २ टीबी. घरातल्या संगणकावर ही वही ठेवणं अशक्य. ती फक्त मोठ्या डेटा सेंटरमध्ये राहील, आणि मग आपण पुन्हा 'त्यांच्यावर विश्वास ठेवा' इथेच येतो. मोठा ब्लॉक काही अंशी बरोबर आहे. १ एमबी हा आकडा काही आकाशातून पडलेला नव्हता. पण एकट्या मोठ्या ब्लॉकने जग पेलत नाही.

मोनेरोने यात मधला मार्ग काढला आहे. ब्लॉकला पक्की मर्यादा नाही. मायनरने अलीकडच्या ब्लॉकांच्या मधल्या आकारापेक्षा (मध्यकापेक्षा) मोठा ब्लॉक केला तर त्याचं बक्षीस, म्हणजे दर ब्लॉकला मिळणारी नवी नाणी, कापलं जातं, आणि जितका जास्त फुगवला तितकी कपात वर्गाच्या पटीत वाढते. म्हणजे जागा वाढते, पण फी खरोखर जमा होत असेल तरच. ही रचना मला फार नेटकी वाटते.

खासगीपणाचं ओझं किती?

बरंच. बिटकॉइनचा आजचा साधा व्यवहार १४० ते २५० बाइटच्या आसपास. मोनेरोचा साधारण दीड ते सव्वादोन केबी. झीकॅशच्या ऑर्चर्डमधला साधा व्यवहार ९ केबीच्या घरात: गुप्त आकड्यांचा विधी टळला, पण पुरावा लठ्ठ झाला. वरचं ८०० कोटींचं गणित मोनेरोला लावलं तर दिवसाला किमान १२ टीबी, ऑर्चर्डला ७२.

आणखी एक ओझं कुणी मोजत नाही. उघड्या वहीत तुमचे पैसे शोधणं सोपं असतं: पत्ता टाका, मिळाले. झाकलेल्या वहीत कोणतं नाणं तुमचं हे वहीलाच ठाऊक नसतं. त्यामुळे तुमच्या वॉलेटला प्रत्येक नाणं उचलून 'हे माझं का?' असं विचारत बसावं लागतं. २०२२ मध्ये कुणीतरी झीकॅशवर भरमसाट व्यवहारांचा मारा केला, तेव्हा अनेकांची फोनवरची वॉलेट अद्ययावत व्हायला प्रचंड वेळ लागू लागला. नाणी सुरक्षित होती, फक्त हातात येत नव्हती.

मी स्वतः यात तोंडावर आपटलो आहे. फोनवरचं मोनेरो वॉलेट सात-आठ महिने उघडलंच नव्हतं आणि एका ओळखीच्या माणसाला मोठ्या तोऱ्यात 'आत्ता पाठवतो' म्हणून बसलो. पट्टी सरकत राहिली. चहा झाला, दुसरा चहा झाला. तो बिचारा निघून गेल्यावर शिल्लक दिसली. तेव्हापासून आठवड्यातून एकदा उघडतो.

बिटकॉइनच्या वर बांधलेल्या लाइटनिंग या जाळ्याने वेग आणि खासगीपणा हे दोन्ही प्रश्न सुटतात ना?

वेगाचा बराचसा सुटतो. दोघांनी मिळून काही बिटकॉइन एका संयुक्त पेटीत ठेवायचे आणि आपापसात हिशोब बदलत राहायचा. वहीत फक्त पेटी उघडल्याची आणि बंद केल्याची नोंद. पेट्या एकमेकींना जोडून तिसऱ्या-चौथ्यापर्यंत पैसे जातात, क्षणात आणि नगण्य फीमध्ये. २०१८ पासून हे प्रत्यक्षात चालू आहे.

पण पेटी उघडायलाही एक व्यवहार लागतोच, आणि ३६ वर्षांची रांग आपण वर पाहिलीच. शिवाय पैसे घ्यायचे तर समोरच्या बाजूला तेवढी रक्कम आधी पडलेली असावी लागते. हे नवख्याला समजावून सांगताना माझी दमछाक होते. म्हणून बहुतेक नवे लोक दुसऱ्या कुणाच्या ताब्यातलं लाइटनिंग वॉलेट वापरतात, म्हणजे पुन्हा बँकच.

खासगीपणा इथे एकतर्फी आहे. मधल्या टप्प्यांना फक्त मागचा आणि पुढचा शेजारी दिसतो, त्यामुळे पाठवणारा चांगला झाकला जातो. घेणाऱ्याच्या बिलात मात्र साधारणपणे त्याच्या नोडची, म्हणजे जाळ्याला जोडलेल्या त्याच्या संगणकाची, ओळख असते. ती झाकण्याच्या नव्या पद्धती आल्या आहेत, पण सगळीकडे रुजायच्या आहेत.

लाइटकॉइन, डॅश, ग्रिन, नॅनो?

लाइटकॉइन: २०११ पासूनचं, ब्लॉक अडीच मिनिटांचा, भरवशाचं. मे २०२२ मध्ये रक्कम झाकायची ऐच्छिक सोय जोडली. बहुसंख्य लोक ती वापरत नाहीत, पण दक्षिण कोरियातल्या मोठ्या एक्सचेंजनी तेवढ्यावरूनच नाणं काढून टाकलं. हात दाखवून अवलक्षण.

डॅश: २०१४ मध्ये सुरू झालं, आधीचं नाव डार्ककॉइन. एक-दोन सेकंदांत पक्का होणारा व्यवहार ही त्याची खरी जमेची बाजू. खासगीपणा म्हणजे कॉइनजॉइनच. सुरुवातीच्या दोन दिवसांत सुमारे २० लाख नाणी पाडली गेली, आणि १,००० नाणी गहाण ठेवून मास्टरनोड (जाळ्याची खास कामं करणारा संगणक) चालवणाऱ्यांना मतदानाचा हक्क मिळतो. या दोन गोष्टी एकत्र वाचा.

ग्रिन: मिंबलविंबल नावाच्या पद्धतीवर जानेवारी २०१९ मध्ये आलं. जुने व्यवहार छाटून टाकता येतात, म्हणून वही अगदी सडपातळ. पत्ते आणि रकमा वहीत नाहीत. पण देणारा आणि घेणारा दोघांनी मिळून व्यवहार पुरा करावा लागतो, आणि नेटवर्कवर कान लावून बसणारा कोणाकडून कोणाकडे गेलं हे बऱ्याच अंशी जोडू शकतो. सुंदर कल्पना, अर्धवट झाकण.

नॅनो: फी शून्य, वेग झकास, खासगीपणा शून्य. फी नसल्याने कचरा ओतायलाही खर्च नाही, हे मार्च २०२१ च्या माऱ्यात दिसलं.

डॉलरसारख्या चलनाशी भाव बांधलेली स्टेबलकॉइनच रोख नाहीत का? भाव तरी स्थिर असतो.

भाव स्थिर असतो, पण वही उघडी असते आणि मोठ्या स्टेबलकॉइनची कंपनी तुमचा पत्ता गोठवू शकते. सोयीचे आहेत. रोख नाहीत.

बक्षीस संपल्यावर मायनर काम का करतील?

बिटकॉइन आणि झीकॅश दोन्हींची कमाल संख्या २ कोटी १० लाख. बक्षीस निम्मं-निम्मं होत जातं, शेवटी फीवरच भागवायचं. फी कमी हवी आणि साखळी सुरक्षितही हवी, या दोन्हींचा मेळ कसा बसेल याचं उत्तर काळच देईल. मोनेरोने जून २०२२ पासून दर ब्लॉकला ०.६ नाणी कायमची ठेवली आहेत. वर्षाला साधारण १ लाख ५७ हजार, म्हणजे एकूण नाण्यांच्या एक टक्क्याहूनही कमी. साठवणाऱ्याला हे खुपतं. खर्च करायच्या पैशासाठी मला ते योग्य वाटतं.

पण बक्षीस आहे म्हणून साखळी अभेद्य झाली असं नाही. मोनेरोचं मायनिंग साध्या प्रोसेसरवर चालतं, २०१९ पासून मुद्दाम तसं ठेवलेलं. २०२५ मध्ये क्युबिक नावाच्या गटाने मायनरना जास्त पैशांचं आमिष दाखवून भरपूर संगणकीय ताकद गोळा केली, आणि सप्टेंबरमध्ये साखळीत आधीच नोंदलेले १८ ब्लॉक उलटले. मिळालेलं नाणं मोनेरोमध्ये १० ब्लॉकनंतरच खर्च करता येतं. तो बांध ओलांडला गेला. मोठी रक्कम घेणाऱ्याने तेव्हापासून दहावर थांबू नये हे बरं.

ही नाणी बेकायदा आहेत का?

देशोदेशी वेगळं, आपापला कायदा बघा. बाळगणं आणि एक्सचेंजवर मिळणं या वेगळ्या गोष्टी आहेत. कात्री बहुतेक ठिकाणी दुसऱ्यावर चालते. बायनॅन्स या बड्या एक्सचेंजने फेब्रुवारी २०२४ मध्ये मोनेरो काढलं. युरोपीय संघाच्या नियमानुसार जुलै २०२७ पासून तिथल्या नियमनाखालच्या सेवांना अशी नाणी हाताळता येणार नाहीत. झीकॅशला इथे थोडी सवलत मिळत आली, कारण त्यात उघडा पत्ता आहे. म्हणजे ज्या गोष्टीला मी वर दोष म्हटलं, तीच त्याचा परवाना ठरली.

मग तुमचं मत कोणाला?

आज, रोज खर्च करायची खासगी रोख म्हणून: मोनेरो. त्याचं गणित सर्वांत पुढचं आहे म्हणून नव्हे. त्यात चुकीचं बटण नाही, म्हणून. वॉलेट उघडलं, पाठवलं, झाकलं गेलं. तज्ज्ञाचा आणि अडाण्याचा व्यवहार सारखाच दिसतो, आणि अडाण्यामुळेच तज्ज्ञाला गर्दी मिळते.

झीकॅशने उघडे पत्ते उद्या बंद केले तर मी मत बदलेन. छोट्या रकमांसाठी चॉम यांची आंधळी सही बिटकॉइनवर परत आली आहे. कॅशू आणि फेडिमिंट ही त्यातली नावं. खासगीपणा उत्तम, वेग उत्तम, पण टाकसाळ चालवणारा पैसे घेऊन पळू शकतो. खिशात मावेल तेवढंच तिथे ठेवावं.

जग पेलण्याच्या कसोटीवर मात्र कुणीच उतरत नाही, मोनेरो तर नाहीच.

नाणं खासगी असलं की मी खासगी झालो का?

नाही. दुसऱ्याचा नोड वापरलात तर त्याला तुमचा आयपी पत्ता दिसतो आणि व्यवहार कधी पाठवलात तेही. स्वतःचा नोड चालवा. मोनेरोची छाटलेली वही पूर्ण वहीच्या साधारण एक तृतीयांश जागेत मावते, जुन्या लॅपटॉपला एसएसडी बसवली की काम होतं. ते जमत नसेल तर निदान टॉरवरून, म्हणजे आयपी पत्ता लपवणाऱ्या जाळ्यातून, जोडा. आणि एक्सचेंजमधून काढलेली रक्कम त्याच दिवशी तशीच्या तशी पुढे पाठवू नका. दोन दिवस राहू द्या, आणि पाठवताना आकडा वेगळा असू द्या.